मोठा टायर आणि चौदा दात

लेक पडली ती तिसऱ्या फेरीत, दुसऱ्या वळणातून बाहेर निघताना. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. जामच्या पुढे हायवेला लागून एक मैदान आहे. शेतं मोकळी झाली की तिथे शंकरपट भरतो, बैलजोड्या धावतात. त्याच मैदानात मातीचा ट्रॅक करून मोटरसायकलींची रेस ठेवली होती. एकोणीस गाड्या, त्यात मुलगी एकच, ती माझी. मी दोरीच्या अलीकडे उभी होते. वळणातून ती गाडी तिरपी करून व्यवस्थित निघाली, आणि आता सुसाट पळणार असं वाटलं तिथेच गाडी एकदम ढिली पडली. मागून येणाऱ्याला आवरायला जागा नव्हती. त्याचं पुढचं चाक हिच्या मागच्या चाकाला लागलं आणि दोघंही मातीत गेले.

हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचे पॅड मी स्वतः ओढूनताणून तपासले होते. त्यामुळे मोडलं ते एकच, गळ्याखालचं डावं हाड, तेही नुसतं तडकलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या गाडीवाल्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. तो भला माणूस. तोच हिला उचलायला आधी धावला.

हाडाची मला काळजी नव्हती. हाड जुळतं. काळजीची गोष्ट परतीच्या वाटेवर सुरू झाली. पिकअपमध्ये मागे गाडी, पुढे आम्ही तिघं. देवळीचा फाटा आला. तेव्हा लेक म्हणाली, "आई, मी भ्याली. भ्याली म्हणून माह्या हातून मूठ सुटली."

उजव्या हाताची मूठ पिळली की इंजिनाला पेट्रोल जातं, सोडली की गाडी मंदावते. म्हणजे तिचं म्हणणं असं, की जिथे मूठ आवळून धरायची तिथेच तिने ती सोडली, आणि म्हणून मागचा अंगावर आला.

तिचे बाबा गाडी चालवत होते. ते म्हणाले, "झालं तेवढं बस झालं. आता घरी राहा." आवाजात राग नव्हता, सुटका होती. त्यांना ही रेस पहिल्या दिवसापासून नको होती आणि आता आपोआप प्रश्न मिटला होता.

गावातही हेच झालं. माझी जाऊ रेस पाहायला आली होती. तिने चार घरी सांगितलं, "पोट्टी वळणावर दचकली, मी डोयानं पाह्यलं." ती वाईट मनाने बोलत नव्हती. तिला खरंच तसं दिसलं होतं. मलाही तसंच दिसलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

पट्टा निघाला, हात वर जाऊ लागला, पण लेकीने गाडीला हात लावला नाही. बावीस वर्षांची मुलगी, पंधरा वर्षांची होती तेव्हापासून शेतात गाडी फिरवणारी, ती आता बाबांच्या मागे बसून शेतात जायची. देवळीला जायचं तर फाट्यावर उभी राहून बसची वाट पाहायची. मी एकदा म्हटलं, रेस नको तर नको, पण साधी गाडी का चालवत नाहीस. तर म्हणाली की ज्याचा हात ऐनवेळी सुटतो त्याने रस्त्यावर जाऊ नये, दुसऱ्याचा जीव जातो. रडून सांगितलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. तिने सातबाऱ्यावरची नोंद वाचून दाखवावी तसं सांगितलं. स्वतःबद्दल तिचा निकाल लागला होता.

रेस जिंकणं-हरणं याचं मला काही नव्हतं, आजही नाही. पण आपण भित्रे आहोत असं ठरवून माणूस पुढची चाळीस वर्षं जगणार असेल, तर ते आधी खरं आहे की नाही ते तपासायला हवं, इतकंच माझं म्हणणं होतं. तपासायचं कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

ते कळलं सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांग्यांच्या पोत्यांमुळे.

आमचं भाजीचं शेत नाल्याच्या पलीकडे आहे. काळी जमीन, शेतरस्ता कच्चा. नाल्यातून वर यायला चढ आहे, पन्नास-साठ पावलांचा. भाजी देवळीच्या बाजारात न्यायचं काम लेकीच्या गाडीवर व्हायचं. दोनशे सीसीची, उंच, डोंगरात चालवायला केलेली सेकंडहँड गाडी. तीच रेसला, तीच भाजीला. माझ्याकडे स्कूटर आहे, ती चिखलात निरुपयोगी. लेक गाडीला शिवेना म्हटल्यावर जानेवारीत एका बाजाराच्या दिवशी मीच ती गाडी काढली. मागे दोन पोती बांधली, आणि नाल्याच्या चढाला लागले.

हा चढ लेक दुसऱ्या गिअरमध्ये चढवायची. मी तिच्या मागे पोती धरून बसलेली आहे, मला माहीत आहे. मीही दुसऱ्यातच घेतली. अर्ध्या चढावर गाडी ढिली पडली. मी मूठ आणखी पिळली. पुरी पिळली. गाडी नुसती खालच्या आवाजात घरघरली, पुढे काही सरकेना. शेवटी पहिला गिअर टाकला तेव्हा ओरडत, कशीबशी वर आली.

वर येऊन मी गाडी उभी केली आणि पोतं सैल झालं होतं ते आवळलं. मी भ्याले नव्हते. नऊ वाजून गेले होते, बाजारातली जागा जाईल म्हणून चिडले होते. मूठ माझ्या हातात शेवटपर्यंत पिळलेली होती. तरी गाडी बसली, तिचा दम गेला, अगदी तशीच, जशी जामला वळणातून निघताना बसली होती.

त्या दिवशी भाजी विकताना माझं लक्ष मापाकडे नव्हतं. गाडी पूर्वी अशी नव्हती; उन्हाळ्यात याच चढावर ती दुसऱ्यात सहज निघायची, आणि पावसापासून रेसपर्यंत नाल्याला पाणी होतं म्हणून भाजी सडकेने फिरून जायची. मग बदललं काय होतं? दोन गोष्टी. आणि दोन्ही मी बदलल्या होत्या.

पहिली, मागचा टायर. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं पोट टेकायचं. म्हणून सप्टेंबरात मी मिस्त्रीला सांगून एक माप मोठा, रबराच्या उंच गोट्यांचा टायर बसवून घेतला. गाडी वर उठली, चिखल कमी लागू लागला. दुसरी, पुढची चकती. इंजिनातून ताकद साखळीवर येते ती ज्या छोट्या दातेरी चकतीतून, तिला तेरा दात होते. ती बदलायला आलीच होती, तर मिस्त्री म्हणाला की चौदा दातांची टाकली तर हायवेवर इंजिन आरामात चालेल, अ‍ॅव्हरेज वाढेल. मी म्हटलं, टाका. अ‍ॅव्हरेज खरंच वाढला आणि मी स्वतःवर खूश होते. रेसच्या वेळी कुणी काही म्हणालं नाही. उलट सगळ्यांचं मत असं की मोठ्या टायरने गाडीला जोर येतो. आमच्याकडे जोर म्हणजे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरची मागची चाकं माणसाच्या खांद्याला लागतात. डोळ्यांनी दिसतं ते असं, की चाक मोठं तर ओढ मोठी. मीही तेच धरून चालले होते.

पण मी पेरणी यंत्रही चालवते, आणि तिथे मला हे आधीच कळायला हवं होतं. पेरणी यंत्राचं एक चाक जमिनीवर फिरतं, आणि त्याच्या फेऱ्यांवर बी पडतं. एका वर्षी चाक वाकलं म्हणून नवऱ्याने भंगारातून दुसरं आणून बसवलं. ते थोडं मोठं होतं. सोयाबीन उगवलं तेव्हा चार बोटांवर यायचं रोप पाच बोटांवर आलेलं. चाक मोठं झालं की तेवढ्याच अंतरात फेरे कमी होतात, एवढंच ते. तेच गाडीला लावलं तर? चाकाचे फेरे कमी, तर इंजिनाचेही फेरे कमी. आणि इंजिन ठराविक फेऱ्यांच्या खाली गेलं की त्याच्यात दम राहत नाही. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांमागे खूप गिअर असतात, म्हणून ती चालतात. जोर चाकाचा नसतो, गिअरचा असतो.

बाजार उरकून मी तशीच मिस्त्रीकडे गेले. देवळीत बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान आहे. माझ्याच वयाचा, हाताने चांगला, बोलण्यात अडेल. मी सांगितलेलं सगळं त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. मोठ्या टायरने गाडी बसत नसते, कार्बन साफ करावा लागेल, क्लच घासला असेल, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, क्लच घासला असता तर इंजिन ओरडलं असतं आणि चाक मागे राहिलं असतं. इथे इंजिनच दबतं.

"पण चौदा दात तं तुमीच टाकाले लावले न, वहिनी," तो म्हणाला. "मले काऊन बोलून राह्यल्या?"

"तुमाले नाई बोलत, भाऊ. मलेच बोलून राह्यली. फक्त मले सांगा, तेरा न चौदात फरक किती?"

त्याने बोटं मोजली आणि म्हणाला की पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन, सव्वातीन. मागच्या मोठ्या चकतीला बेचाळीस दात होते. म्हणजे पुढे एक वाढवून मी मागचे तीन काढूनच टाकले होते. हे तो स्वतःच बोलला, आणि बोलल्यावर त्याने कार्बनचा विषय सोडला.

टायरचा फरक मात्र मोजावा लागणार होता. टायरवर छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता. माणूस बसला की टायर चेपतो, हवा कमीजास्त असली की बदलतो. म्हणून घरी येऊन मी अंगणात चुन्याची रेघ मारली. गाडी रेघेवर उभी करायची, टायरवर खडूने खूण करायची, आणि चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की जमिनीवर कुठे येते ते मोजायचं. पण गाडीवर माणूस बसलेला हवा, आणि तो लेकीच्याच वजनाचा हवा.

ती नाही म्हणाली. मी म्हटलं, चालवायचं नाही, इंजिन बंद आहे, वजन म्हणून बस. गहू भरलेलं पोतं बसवता आलं असतं तर तेच बसवलं असतं. ती बसली. तिच्या बाबांनी कुरकुरत गाडी ढकलली. खूण पुन्हा खाली आली ती दोनशे अकरा सेंटिमीटरवर. मग त्यांनी मागचं चाक काढलं, गोठ्यात पडलेला जुना टायर चढवला, हवा भरली. याला अर्धी दुपार गेली. जुन्याचं माप एकशे अठ्ठ्याण्णव आलं. तेव्हा लेक पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली की याच्या गोट्या झिजल्या आहेत, नवा होता तेव्हा दोनशे एक तरी असेल. आणि खाली उतरून तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली.

बियाण्याच्या पिशवीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने लिहिलं. चौदा गुणिले दोनशे अकरा. भागिले तेरा गुणिले दोनशे एक. हिशेब तिचा माझ्यापेक्षा चांगला. उत्तर आलं एक पूर्णांक तेरा शतांश. म्हणजे त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला, जिथे इंजिनाने मिनिटाला सात हजार फेरे मारायचे तिथे ते सहा हजार दोनशेच मारत होतं. आणि या गाडीचं इंजिन साडेसहा हजारांच्या खाली झोपलेलं असतं, हे मला नाही, तिलाच माहीत होतं. उन्हाळाभर जुन्या टायरवर सराव करून तिचे कान त्या आवाजाला बसले होते. वळणातून निघताना गाडी दुसऱ्यात ठेवायची हे तेव्हा ठरलेलं. रेसच्या दिवशी सरावाला दोनच फेऱ्या मिळाल्या होत्या, त्याही कोरड्या मातीवर. मग धूळ बसवायला टँकरने पाणी मारलं, वळण जड झालं, आणि दुसरा गिअर तिथे पुरा पडला नाही.

ती आकड्याकडे पाहत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी मूठ सोडली नव्हती?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मला ते माहीत नव्हतं, आणि खोटा दिलासा तिने दोन दिवसांत ओळखला असता. मी म्हटलं, "ते मले माहीत नाई. तू सोडली असो का नसो, गाडी तिथं बसलीच असती. एवढंच माहीत आहे."

ती आत गेली. पण ती पिशवी घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने जुन्या मापाचा नवा टायर बसवला. पुढच्या चकतीवर थोडा वाद झाला. मिस्त्रीला आता उलटा उत्साह आला होता. तो म्हणाला, बाराच टाकू, गाडी उडेल. आम्ही बारा टाकून पाहिले. नाल्याच्या अलीकडे आमचा एक पडीक पट्टा आहे, तिथे मी पोत्यांच्या खुणा ठेवून वळणं आखली होती. गाडी मी चालवते, असं लेक एका सकाळी चहा पिताना म्हणाली. मी बरं म्हटलं आणि चहा संपवला.

बारा दातांनी अति झालं. वळणातून गाडी उसळून निघायची खरी, पण सरळ पट्टा संपायच्या आधीच इंजिन किंचाळून आपल्या हद्दीला टेकायचं, आणि नेमकं जिथे ब्रेक दाबायचा तिथे गिअर बदलावा लागायचा. एक काम नीट झालं की दुसरं बिघडायचं. शेवटी पुढे तेरा ठेवले आणि मागे बेचाळीसच्या जागी चव्वेचाळीस. ते मधलं बसलं. वळणातून दम धरून निघायची आणि सरळ पट्ट्याच्या शेवटपर्यंत एकाच गिअरमध्ये पुरायची.

सराव तीन आठवडे चालला. मी फोनवर वेळ लावायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाहते तर तिचे बाबा तुषार सिंचनाचे पाइप ओढत आणताहेत. म्हटलं, इथे काय पेरायचं आहे. ते म्हणाले, टँकरनं वळण भिजवलं होतं न, मग इथंही भिजवून पाहा, नाहीतर काय फायदा. आणि नोझल लावून बसले. रेस नको हे त्यांचं मत त्यांनी तोपर्यंत तरी बदललेलं नव्हतं.

त्या भिजलेल्या वळणावर लेकीला एक गोष्ट सापडली, ती मला सुचली नसती. एका फेरीत तिने खरंच मूठ सोडली. येऊन स्वतःच सांगितलं. मग म्हणाली की दोन्हीचा आवाज वेगळा असतो. हाताने मूठ सोडली की आवाज एकदम खाली उतरतो, पातळ होतो. मूठ पिळलेली असून गाडी बसली की आवाज जाडा होतो, घशात अडकल्यासारखा. तिने दोन्ही मला करून दाखवले, मुद्दाम तिसरा गिअर टाकून एकदा, आणि हात सोडून एकदा. मी डोळे मिटून ऐकलं. फरक माझ्यासारखीलाही कळत होता.

संध्याकाळी ती जावेकडे गेली. जावेने रेसचं शूटिंग आपल्या फोनवर केलं होतं. गावात फिरलं ते शूटिंग आवाज काढून, वर गाणं लावून फिरलं होतं. मूळ तिच्याकडे होतं. मीही मागून गेले. जाऊ जरा ओशाळली, म्हणाली, "कायले पाह्यतं माय, तेच ते." पण तिने फोन दिला.

तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून आम्ही तिघींनी ते ऐकलं. पाहिलं नाही, ऐकलं. लेकीने फोन उलटा धरला होता. लोकांचा गलका, लाउडस्पीकर, इतर गाड्या. मग त्यातून एक आवाज जाडा होत गेला, घशात अडकला, तसाच राहिला. उतरला नाही. पातळ झाला नाही. मग आदळल्याचा आवाज आला.

लेकीने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग फोन जावेच्या हातात दिला आणि म्हणाली, "काकू, मी पिळूनच होती."

जावेला यातलं काही कळलं नव्हतं, कळायचं कारणही नव्हतं. तिने विचारलं, काय पिळून होती. मी तिला सांगितलं की पोरगी दचकली नव्हती, गाडी चुकीची लावली होती, आणि लावणारी मी. जाऊ म्हणाली, "मंग तू पह्यले काऊन नाई सांगतलं? मी तं साऱ्या गावाले सांगून बसली." ते आता तिचं तिनेच निस्तरायचं होतं, आणि तिने निस्तरलं. जितक्या घरी आधी गेली होती तितक्याच घरी पुन्हा जाऊन आली, आणि या वेळी गोष्टीत माझं नाव होतं.

मला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्या रात्री फार दिवसांनी मला पडल्या-पडल्या झोप लागली. चूक माझ्या पदरात आली होती आणि मला हलकं वाटत होतं. माझी चूक पान्याने सुटणारी होती, दोन चकत्या आणि एक टायर. तिची असती तर कोणत्या दुकानात घेऊन गेले असते?

होळीच्या आधी जामला पुन्हा रेस झाली. तेच मैदान, तीच दोरी, तोच टँकर. सोळा गाड्या होत्या, आठ फेऱ्या. तिचे बाबा येणार नव्हते, पण पिकअप कोण चालवणार, म्हणून आले. मिस्त्री दुकान बंद करून आला आणि ओळखीच्या प्रत्येकाला चव्वेचाळीस दात दाखवत फिरला. मी दुसऱ्या वळणाजवळ उभी राहिले. खरं सांगायचं तर पहिल्या दोन फेऱ्या मी पाहिल्या नाहीत, ऐकल्या. तिची गाडी वळणातून निघाली की आवाज चढायचा, सलग, न अडकता. तिसऱ्या फेरीपासून मी पाहायला लागले.

ती सातवी होती, मग सहावी, मग पाचवी. पुढचे चौघे तिच्यापेक्षा सरस होते, त्यात काही वाद नाही. शेवटच्या फेरीत पुढचा चौथा दुसऱ्या वळणावर जास्त घाईने शिरला आणि माझ्यासमोर आडवा पडला. लेक त्याच्या मागे दोन गाड्यांच्या अंतरावर होती. तिचा आवाज एकदम खाली उतरला, पातळ झाला. ती बाहेरून वळसा घेऊन गेली आणि तेवढ्यात मागचा एक जण तिला ओलांडून पुढे निघाला. पडलेला उठून कडेला गेला. ती पाचवीच राहिली.

ती गाडी घेऊन आमच्याकडे आली, हेल्मेट काढलं, केसांत माती. तिच्या बाबांनी पाण्याची बाटली दिली. ती अर्धी बाटली प्यायली आणि मला म्हणाली, "आई, शेवटच्या वळणावर मूठ मी सोडली. समोर माणूस पडला होता."

"पाह्यलं मी," मी म्हटलं.

"नाई तं चौथी आली असती."

"हो."

तिने उरलेलं पाणी चेहऱ्यावर मारलं आणि मिस्त्रीला विचारायला गेली की तिसऱ्या वळणासाठी मागचा एक दात कमी केला तर काय होईल. त्यांचं ते बराच वेळ चाललं होतं. मी आणि तिच्या बाबांनी फळी लावून गाडी पिकअपमध्ये चढवली आणि दोर आवळले.